टाकीत पाणी कुठून येतं

१९ जून १९५७

आणि आज पुन्हा तेच. म्हणे टाकीत पाणी मीच सोडतो! हवेच्या टाकीत पाणी सोडायला मी काय खुळा आहे? तिला पाणी ओतायला तोंड तरी कुठं आहे? एका बाजूनं पंपाची नळी येते, दुसऱ्या बाजूनं ब्रेकची नळी जाते आणि बुडाला बोटाएवढा कॉक. आत फक्त दाबलेली हवा. ड्रायव्हर पंजाबमामानं पायाखालची पट्टी दाबली की ती हवा चाकांकडं धावते आणि ब्रेक लागतो. चौथी नापास क्लीनर असून मला एवढं समजतं.

पण रोज सकाळी लॉरीखाली पाठीवर सरपटत जायचं, कॉक उघडायचा, की आधी फुस्स करून हवा आणि मागून तांबूस पाणी, बरोबर माझ्या तोंडावर. काल सगळं काढलं होतं. आज पुन्हा पेलाभर.

मामा वर बसून ओरडला, "ओ सातारकर! काल कॉक खोलला होता का नाई?"

"खोलला होता."

"मंग हे पानी तुह्या आज्यानं आनून टाकलं काय?"

गिट्टी भरणारी सगळी माणसं हसली. सोमला तर घमेलं खाली ठेवून हसला. हाच सोमला आणि त्याची सात माणसं गिट्टीवर बसून घाट उतरतात. ब्रेक गेला तर आधी कोण पडेल, हे त्यांना कोणी सांगावं?

मामाचं म्हणणं, दिवाळीपर्यंत नीट राहिलास तर लायसनसाठी चिठ्ठी देईन. नीट म्हणजे किती नीट?

२० जून

मुकादम रंगराव यांनी निकाल दिला. "लॉरी धुतो तवा पानी शिरत असन." म्हणून आज लॉरी धुतलीच नाही. चिखलासकट उभी केली.

२१ जून

न धुताही पाऊण पेला. तोच पेला मुकादमाकडं नेला. "मले कायले दाखवतं? पेऊन टाक," म्हणाला आणि हजेरी लिहीत बसला.

२८ जून

दादाचं पत्र आलं. तीन ओळी. "पोस्टमन दिसला की आई दारात येऊन उभी राहते. किती का असेना, पाठव. प्रकृती जप."

किती का असेना! म्हणजे माझ्याकडं काही नाही असं धरूनच चाललाय. निघताना सगळ्या आळीसमोर म्हणाला होता, "हा दोन ठिकाणांवरनं पळालाय, तिथनंबी पळंल." तेव्हा मी सांगितलं होतं, महिन्याला वीस रुपये पाठवीन. वीस झाले की वीसच पाठवीन, त्याच्या आत एक नवा पैसाही नाही. उत्तर लिहिलं की इथलं पोस्ट पावसामुळं बंद आहे. तसं ते बंद नाही.

५ जुलै

आज पंपाच्या नळीला हात लागला आणि तळव्याला फोड आला. तव्यासारखी तापते ती. टाकी मात्र गार असते. मामानं फोडावर ग्रीस लावलं आणि वर शिवी दिली.

मी आता पेल्यानं पाणी मोजतो. मे महिन्यात आलो तेव्हा थेंब थेंब यायचं. आता पाऊस धरला की दोन पेले, आणि दिवसभर झड असली तर तीन. हे मामाला सांगितलं तर म्हणाला, "पावसाचं पानी छपरातून गळते. टाकीले छप्पर हाये काय बे?" म्हटलं, खाली वाकून एकदा बघा तरी. "मी वाकू? तीस वरसं झाली गाड्या हाकून राह्यलो. वाकाले तू हाये."

यापुढं त्याच्याशी बोलायचंच नाही.

१३ जुलै

हौसामावशी आम्हा सगळ्यांचा स्वयंपाक करते. आज तिचं मिठाशी भांडण चाललं होतं. "पाह्य रे बाप्पा, मीठ सारं पानी झालं. बरनीत ओतलं नाई थेंबभर, आन पाह्य." बरणी तिरकी करून दाखवली, तर बुडाला खारं पाणी.

ते बघून माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. बरणीत पाणी कुणी घातलं नाही आणि टाकीतही कुणी घातलं नाही. म्हणजे ते हवेतच असणार! पावसाळी हवेत पाणी असतं, मीठ ते ओढून घेतं. मग हवा मिठावरनं घेतली तर पाणी मिठात अडकेल आणि टाकीत कोरडी हवा जाईल.

भाकरी अर्धी टाकून उठलो. मावशी मागून ओरडत राहिली.

१५ जुलै

केलं. मावशीकडनं शेरभर खडे मीठ घेतलं, चुलीवर कोरडं भाजलं, धोतराच्या फडक्यात बांधलं आणि पंप जिथून हवा ओढतो त्या जाळीवर ती पुरचुंडी तारेनं आवळून बसवली. वरून पत्र्याचा तुकडा. कुणाला दिसत नाही. मामाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसला असता. आधी होऊ दे, मग सांगीन, आणि तो हसणार नाही अशा वेळी सांगीन.

२० जुलै

अर्धा पेला!!

२३ जुलै

पाव पेला. गेल्या सहा दिवसांत आभाळ उघडलंय, कडक ऊन पडतंय, रस्त्यावर धूळ उडतेय. त्यामुळं काम जोरात आहे, दिवसाला नऊ खेपा. मीठ दर दोन दिवसांनी बदलतो. मामा म्हणाला, "आता कसा रोज खोलून राह्यला! शिव्या खाल्ल्या तवा सुधरला." मनात म्हटलं, बोला तुम्ही.

१ ऑगस्ट

लॉरीखाली चिखलात झोपायचं बंद केलं. पाणीच येत नाही तर उघडायचं कशाला? मामाला वाटतं रोज उघडतो. मी चाकामागं बसतो, किल्ली दोनदा लोखंडावर आपटतो आणि उठतो.

लायसन मिळाल्यावर पहिल्यांदा गावात लॉरी घेऊन जाईन. दादाला टपावर बसवीन.

६ ऑगस्ट

पुन्हा झड लागली. तीन दिवस सूर्य नाही. फडकं ओलंगच्च होतं, मीठ निम्मं उरलं होतं. नवं घातलं. चांगलं काम करतंय म्हणायचं.

९ ऑगस्ट

लिहवत नाही.

१० ऑगस्ट

काल दुपारची खेप. घाटाच्या तोंडाशी हवेचा काटा पूर्ण वर होता, मी स्वतः बघितला. पहिल्या वळणावर मामानं पट्टी दाबली, ब्रेक लागला. दुसऱ्यावर दाबली तर काटा सपकन निम्म्याच्या खाली आला. तिसऱ्यावर पट्टी दाबलेली तशीच राहिली, पायाला लागेना, चाकाला लागेना. मामा ओरडला, "धरा रे, धरा!" हातब्रेक ओढला, पण भरल्या गाडीपुढं तो काय करणार? उजवीकडं दरी. मामानं चाक डावीकडं पिळलं आणि लॉरी डोंगराच्या मुरमात घुसवली.

लॉरी थांबली. वरची माणसं गिट्टीसकट पुढं आली. सात जणांना खरचटलं. सोमलाच्या पायावर गिट्टीचा ढीग. आम्ही हातांनी उपसला. तो ओरडत नव्हता, नुसता म्हणत होता, "रुपाले सांगू नका, रुपाले सांगू नका." त्याची बायको रुपाबाई वरच होती, त्याच्या मागं. तीच त्याचं डोकं धरून बसली होती.

त्याला अकोल्याला नेलं. हाड दोन ठिकाणी मोडलंय.

१२ ऑगस्ट

अकोल्याहून मिस्त्री आला. टाकीचा कॉक उघडला. अर्धी बादली पाणी. मी बाजूलाच उभा होतो. मिस्त्री म्हणाला, टाकीत निम्मं पाणी असल्यावर हवेला जागा किती उरणार? काटा भरलेला दिसतो, पण दोन दाबांत हवा संपते. मग ब्रेकचा वाल, म्हणजे हवेची झडप, खोलला. आतला दट्ट्या गंजून अडकला होता आणि गंजावर पांढरी खरपुडी.

"हे काय?" मुकादम म्हणाला.

मिस्त्रीला कळेना. असं कधी बघितलं नाही म्हणाला.

मामानं बोटाच्या नखानं ती खरपुडी काढली, बघितली आणि बोट तोंडात घातलं. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता मारतो. पण तो थुंकला आणि म्हणाला, "असन काही. जुनी गाडी हाये."

नशीब, त्याला कळलं नाही.

१३ ऑगस्ट

मुकादमानं लॉरीच्या मालकाला, शेठला, कागद लिहिला, ड्रायव्हरची चूक. कॉक रोज उघडून घेणं ड्रायव्हरची जबाबदारी. मामानं ऐकून घेतलं, वळकटी बांधली आणि रिठदला त्याच्या घरी निघाला. जाताना मला म्हणाला, "डब्यात माही तंबाखू राह्यली. घेजो तू."

तंबाखू घेतली नाही. तशीच आहे.

१८ ऑगस्ट

लॉरी वाल बदलून उभी आहे. नवा ड्रायव्हर आला, एक खेप केली, घाटाखाली गाडी लावली आणि चालत निघून गेला. "या गाडीवर मी मराले नाई आलो."

काम नाही म्हणून मावशीकडं लसूण सोलत बसलो. तिनं पातेल्यात वांग्याची भाजी टाकली, वर पितळी ठेवली आणि पितळीत पाणी ओतलं. आमची आईपण असंच करते. लहानपणापासून बघतोय, आजवर कधी विचारलं नाही. विचारलं, "मावशी, वर पाणी कशाला?"

"भाजी लागू नाई म्हनून. वरून थंड राह्यलं का आत थेंब पडतात. वाफ वापस भाजीत येते. तुह्या मायनं नाई शिकवलं?"

तिनं पितळी उचलली. खालच्या बाजूला थेंबच थेंब.

मी उठून लॉरीपाशी गेलो. नळी तव्यासारखी तापलेली असते. टाकी गार. पंप हवा दाबतो तेव्हा ती तापते, तापल्यावर तिच्यातलं पाणी दिसत नाही, वाफेसारखं लपून राहतं. टाकीत येऊन गार झाली की पितळीखाली पडतात तसे थेंब पडतात. मिठाला एवढं पाणी आवरलंच नसतं. ते फक्त विरघळलं. पंपानं ते खारं पाणी ओढून आत फवारलं आणि लोखंड खाल्लं. आणि जुलैत पाणी कमी झालं ते मिठामुळं नाही. ऊन पडलं होतं. मी माझ्या हातानं वहीत लिहिलंय, ऊन पडलं होतं म्हणून. लिहूनही समजलं नाही.

आणि कॉक उघडणंही मीच बंद केलं.

२१ ऑगस्ट

मुकादमाला सगळं सांगितलं. मीठ, फडकं, कॉक, सगळं. त्यानं पेन खाली ठेवला. मला वाटलं आता हाकलणार. तो हसायला लागला.

"मिठानं ब्रेक जाते काय बे? मंग तं तुह्या जेवनातलं मीठ बंद कराव लागन."

म्हटलं, चला, दाखवतो. पितळी, पातेलं, सगळं घेऊन दाखवलं. तो थेंबांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हे पाह्य. कागद शेठकडं गेला. आता मी काय लिहू? हौसाबाईच्या भाजीनं सांगतलं म्हनून लिहू? जाय, काम कर."

काम नाही, आणि म्हणतो काम कर. खरं सांगितलं तर कुणी खरं धरत नाही आणि खोटं होतं ते सगळ्यांनी खरं धरलं. डोकं फुटायची वेळ आली.

२२ ऑगस्ट

सोमलाच्या तांड्यावर गेलो. तो खाटेवर, पाय पांढऱ्या पट्टीत. त्यालाही सांगितलं. रुपाबाई चूल सारवत होती, हात थांबला तिचा. सोमला छपराकडं बघत म्हणाला, "पंजाबरावले मी शिव्या देल्या. म्हाताऱ्यानं पाय घेतला म्हनलो." मग माझ्याकडं वळला. "सातारकर, माह्या पायाची पट्टी दिवाळीले उतरन. तवर ही एकलीच गिट्टी फोडते. तू रविवारी येत जाय. हातोडा हाये."

"येईन."

"येईन नाई. ये," रुपाबाई म्हणाली. एवढंच बोलली.

२५ ऑगस्ट, पोळा

वाशिमवरनं मोटार बदलून रिठदला आलो. मामा बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत होता. मला बघून नवल वाटलं नाही त्याला. त्याची बायको धुरपताबाई बाहेर आली, पुरणपोळी वाढली. म्हणाली, "तुह्या मामाले कोनाची नजर लागली, कोन जाने. तीस वरसांत गाडी कुठी घासली नाई." मी पोळीचे तुकडे करत बसलो. मामा म्हणाला, "खाय, खाय. थंडी झाली का मजा नाई."

जेवल्यावर गोठ्यामागं नेलं त्यानं.

"मामा, ते पांढरं मीठ होतं."

"हाव."

"तुम्हाला कळलं होतं?"

"जीभ हाये ना मले."

"मग मुकादमाला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं त्यानं तुले तवाच हाकललं असतं. तू दोन जागांहून पळाला, तूच सांगे. तिसरी जागा गेली असती. मले घर हाये, हे बैल हायेत." शिंगाचा रंग अंगठ्यानं पुसत राहिला. "आन दुसरं म्हंजे, तू मले खाली वाक म्हने. मी वाकलो नाई. ते मी मुकादमाले सांगत नाई बसलो."

मग पितळीचं सांगितलं, थेंबांचं सांगितलं. ते ऐकून मामा सरळ झाला.

"म्हनूनच मी मिलिटरीत हाकत होतो तवा या गाड्यांले दोन टाक्या राहत! एक ल्हानी, पंपाच्या जवळ. तिच्यातून पानी काढाचं. मोठी कोरडीच राहे. आमाले कोनी सांगतलं नाई कायले. शेठनं ही गाडी लिलावात घेतली तवा ल्हानी फुटकी होती. काढून फेकली, नळी सरळ जोडून देल्ली."

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलं कधी? तू तं नुसता 'खोलला होता, खोलला होता' करून राह्यला होता."

इतका राग आला, त्याचा आणि माझा, की हसूच आलं. त्यालाही.

२ सप्टेंबर

मुकादम म्हणतो, ड्रायव्हर मिळत नाही, पंजाबरावला बोलाव. पण कागद बदलणार नाही. मामाचा निरोप आला, दोन टाक्या लागल्या तर येतो, नाही तर बैल बरे. मुकादम म्हणतो टाकीला शेठ पैसे देणार नाही. मी म्हटलं, मी आणतो.

वाशिमच्या भंगारात जाड पत्र्याची लहान टाकी मिळाली. तांब्याची नळी महाग. तरी घेतली, दहा हात. सरळ जोडली तर हवा गरमच राहील, म्हणून वेटोळी करून गाडीच्या पुढच्या बाजूला बांधायची, वाऱ्यावर. वाऱ्यानं गार होईल, थेंब लहान टाकीत पडतील, मग पुढं मोठीत जाईल ती हवा कोरडी.

८ सप्टेंबर

सहा दिवस लोहार, झाळणं, गळणं, पुन्हा झाळणं. तीनदा नळीचा जोड सुटला. मामा येऊन बसलाय, सूचना देतोय. "तशी नाई बे. अशी. अरे अशी!" आज रविवार, दिवसभर गिट्टी फोडली, हात उचलत नाहीत. रुपाबाईनं माझ्या ढिगातली मोठी गिट्टी वेगळी काढून परत माझ्यापुढं टाकली. पुन्हा फोडायला लावली.

१५ सप्टेंबर

मोकळी लॉरी घाटातनं उतरवली. वरती कुणी नव्हतं. मामा आणि मी. सात वळणं, सातही ठिकाणी काटा हलला नाही म्हणावं इतकाच हलला.

२२ सप्टेंबर

सोमलाची माणसं अजून वर बसत नाहीत. लॉरीमागून चालत घाट उतरतात. मामा म्हणतो, बसतील त्यांच्या मनानं. मला वाईट वाटतं, पण काय म्हणणार?

४ ऑक्टोबर

काल परतीचा पाऊस, रात्रभर. आज सकाळी लॉरीखाली गेलो. लहान टाकीचा कॉक उघडला. तीन पेले पाणी, स्वच्छ. मग मोठीचा उघडला आणि तळवा खाली धरला. नुसती हवा. तळवा कोरडा.

"मामा, बघा."

मामा गुडघे धरून, कण्हत, शिव्या देत लॉरीखाली सरपटला. माझ्या शेजारी पाठीवर पडला. त्यानंही हात धरला. "कोरडी हाये," म्हणाला. मग बराच वेळ तसाच पडून राहिला. मला वाटलं त्याला उठता येईना, म्हणून हात दिला. घेतला नाही.

लायसनची चिठ्ठी विचारली. "पुढच्या दिवाळीले." मी भांडलो नाही. म्हणजे थोडं भांडलो.

दुपारच्या खेपेला रुपाबाई एकटी गिट्टीवर चढून बसली. तिच्यामागून बाकीचे चढले.

दादाला पत्र लिहिलं. पोस्ट कधीच बंद नव्हतं हे लिहिलं. मिठाचं लिहिलं, सोमलाच्या पायाचं लिहिलं. काही शब्द इकडचे आले, त्याला समजतील का माहीत नाही. पगारातले जेवणाचे गेले, टाकीचे, तांब्याच्या नळीचे, रिठदच्या मोटारीचे गेले. उरले ते मोजले आणि परत मोजले. वीस होईपर्यंत थांबणार होतो. आई पोस्टमन दिसला की दारात येते.

मनिऑर्डर केली. सात रुपये.